शेवटच्या रांगेतले चार अडथळे

ही हकीकत सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कुणी वस्तादांचा विषय काढला की मी चहाचं निमित्त करून उठायचो. गेल्या दिवाळीनंतर वस्ताद गेले. चऱ्होलीला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथे मला बोलायला उभं केलं. त्यांची शिस्त, त्यांचा साधेपणा, त्यांनी घडवलेले खेळाडू यांवर मी दहा मिनिटं बोललो. लोकांनी माना डोलावल्या. त्या दहा मिनिटांत एकही वाक्य खोटं नव्हतं, पण जे सांगायला हवं होतं ते त्यात कुठेच नव्हतं. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

वस्ताद हे कुस्तीतलं संबोधन. ते कुस्तीतले नव्हते. एकशे दहा मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ते एकेकाळी देशात पहिले आले होते. पण त्यांच्या गावात पोरं ज्याच्याकडे शिकायला जातात तो वस्ताद, एवढाच हिशेब होता, आणि गावातल्या पोरांबरोबर ते नाव कॉलेजात आलं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तेच म्हणत. ते कुरकुरायचे, "अहो, वस्ताद तालमीत असतोय. मी कोच हाय." ऐकत कुणी नसे.

मी त्याच कॉलेजात कॉमर्स शिकवत होतो. जिमखान्याचा उपाध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली ती खेळातलं काही कळतं म्हणून नव्हे. कागदपत्रं नीट ठेवतो म्हणून.

वस्ताद प्रत्येक गोष्ट अडथळ्याच्या मापाने मोजत. स्टाफरूममधलं टेबल त्यांच्या लेखी "पोरींच्या अडथळ्यापेक्षा दोन बोटं कमी" होतं. प्राचार्यांच्या केबिनचा काउंटर "बरोबर माझ्या मापाचा" होता, आणि त्यांची नजर त्याच्यावर अशी टिकायची की प्राचार्य कागद आवरून घेत. जिना ते तीन-तीन पायऱ्यांनी चढत. उंबऱ्यावर डावाच पाय आधी पडला पाहिजे, म्हणून दाराच्या अलीकडे दोन पावलांवर थांबून पाय बदलत. मागून येणारा माणूस त्यांच्या पाठीवर आदळायचा. मैदानावर त्यांनी कधी शिट्टी वापरली नाही. कंपनीत यंत्रांच्या खोक्यांना असतात तसल्या लाकडाच्या दोन फळ्या त्यांच्याकडे होत्या, त्या ते एकमेकींवर आपटत. "शिट्टीला दम लागतो," म्हणायचे, "दम पोरांनी खर्च करायचा, मी न्हाई."

एका शर्यतीत दहा अडथळे. धावणारा कितव्या अडथळ्याला ढेपाळतो, त्यावरून ते मुलांना नावं ठेवत. "ए चौथ्या, इकडं ये." "ती सातवी आज आली न्हाई का?" मुलं याला वैतागत नसत, कारण वर्षभरात चौथ्याचा सहावा होत असे आणि त्या दिवशी वस्ताद सगळ्यांना वडापाव खाऊ घालत. मी एकदा गमतीने विचारलं, "वस्ताद, मी कितवा?"

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तुमी, सर? तुमी अजून पळालाच न्हाई."

स्टाफरूम हसली. मीही हसलो.

त्यांचं स्वतःचं पळणं संपलं ते एका चांगल्या हेतूने. खेळाडू म्हणून त्यांना पिंपरीतल्या एका कंपनीत फिटरची नोकरी मिळाली होती. सकाळी सराव, दुपारची शिफ्ट. कंपनीला त्यांचा मोठा अभिमान. साहेबांनी वर्कशॉपला सांगितलं, आपल्या चॅम्पियनसाठी अडथळे आपणच बनवायचे, एकदम मजबूत. वर्कशॉपच्या लोकांनी जीव ओतून काम केलं. जाड अँगल, पक्कं वेल्डिंग. दोन वर्षं वस्ताद त्यांवरून पळाले, एकदाही पाय फळीला लागला नाही. तिसऱ्या वर्षी एकदाच लागला. अडथळा जागचा हलला नाही. उजव्या गुडघ्यात जे तुटलं ते पुन्हा जुळलं नाही. बनवणारी माणसं इस्पितळात येऊन रडली, असं ते सांगत. "त्यांचं काय चुकलं? ज्यानं त्यानं आपलं काम चोख केलं व्हतं."

म्हणून आमच्या कॉलेजसाठी अडथळे करून घ्यायची वेळ आली तेव्हा ते मला भोसरीच्या एका शेडमध्ये घेऊन गेले. शेडचा मालक त्यांचा जुना सोबती. वस्ताद त्याला म्हणाले, "मजबूत नको. पडणारा कर."

तो म्हणाला, "वस्ताद, पडणारा माल लोकं माझ्या अंगावर आणून टाकत्यात. तुमी पयले गिऱ्हाईक जे मागून घेताय."

"दोन बोटांनी पडला पायजे. जो पडत न्हाई त्याला भिंत म्हणत्यात."

असे चाळीस करून घेतले. चार लेन, प्रत्येकीत दहा.

ते आल्यावर एक प्राध्यापक स्टाफरूममध्ये म्हणाले की हे खेळणं कॉलेजला कशाला. वस्तादांनी बाहेर जाऊन एक अडथळा उचलून आणला आणि स्टाफरूमच्या मधोमध ठेवला. मला म्हणाले, "सर, ढकला." मी वरच्या फळीला दोन बोटं लावली. अडथळा निमूटपणे पलीकडे कलंडला. त्यांनी तो उभा केला आणि उलटा फिरवून ठेवला. "आता ढकला." मी ढकलला. हलला नाही. तळहाताने जोर लावला तेव्हा मनगटातून कळ आली.

"ह्याचे पाय बघा," ते म्हणाले. तळाच्या दोन पट्ट्या आता पलीकडे गेल्या होत्या. "पाय नेहमी पळणाऱ्याच्या बाजूला. मग धक्का लागला की त्यो पडतो आन् माणूस वाचतो. पाय पलीकडं केले की त्यो खुंटा मारून उभा ऱ्हातो. मग माणूस पडतो. सगळी गोम येवढीच हाय."

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला माहीत नव्हतं. माझं मनगट दोन दिवस दुखत होतं.

वैशाली तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, माझ्याच वर्गात. वडील विदर्भातून आलेले, चाकणला एका कंपनीत ऑपरेटर. ती पहिल्या वर्षी मैदानावर आली तेव्हा वस्तादांनी तिला पाचवी म्हटलं. सहा महिन्यांत आठवी. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिचं पळणं झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. फळ्या हातात तशाच.

"सर, हिच्यात दहाच्या दहा हायेत."

त्यांच्या तोंडून मी हे दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं नाही. पुढे त्यांनी त्या फळ्या तिला देऊन टाकल्या. सुट्टीत चाकणला घराजवळ सराव करशील तेव्हा धाकट्या बहिणीला वाजवायला सांग, म्हणाले. स्वतःसाठी दुसऱ्या केल्या, त्यांचा आवाज त्यांना कधी पटला नाही. वैशालीची विद्यापीठाच्या संघात निवड जवळजवळ ठरली होती, आणि खेळाडूंच्या जागेवर पोलिसात भरती व्हायचं तिने ठरवून ठेवलं होतं. घरातली ती थोरली.

त्या वर्षीच्या क्रीडा महोत्सवाला संस्थेचे मोठे पाहुणे येणार होते. वस्तादांचा सत्कारही ठेवला होता. कल्पना माझी. महोत्सव डोळ्यात भरावा अशी माझी इच्छा होती, कारण उपप्राचार्याची जागा रिकामी होणार होती. मी पेंटरला बोलावून अडथळ्यांच्या फळ्यांवर निळ्या अक्षरांत कॉलेजचं नाव लिहून घेतलं. वस्तादांना ते आवडलं नाही. "अडथळ्यावर नाव कशाला? नाव पळणाऱ्याचं पायजे." मी म्हटलं, फोटोत येतं.

सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळे अडथळे तपासले. चारही लेनमधून एकटे फिरले. प्रत्येकाला दोन बोटं, तो पडला की उचलून जागेवर, मग पुढचा. तासभर लागला. मग मी त्यांना सत्कारासाठी कपडे बदलायला ऑफिसात पाठवलं. जायला तयार नव्हते.

"पळणं झाल्यावर करा ना सत्कार."

"पाहुण्यांना लवकर जायचंय, वस्ताद. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"अडथळे उभे असताना मैदान सोडत न्हाईत, सर."

"मी आहे ना इथे," मी म्हटलं.

ते गेले. मी शेवटच्या रेषेपाशी मांडवात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. पेंटरने नाव एकाच बाजूने लिहिलं होतं, धावणाऱ्यांच्या बाजूने. मांडवातून फळ्यांची कोरी पाठ दिसत होती. मी उठलो आणि शेवटच्या रांगेतले चारही अडथळे माझ्या हाताने फिरवले. शिपाई खुर्च्या मांडण्यात गुंतले होते, मुलं सुरुवातीच्या रेषेकडे होती. कुणी पाहिलं नाही. परत येऊन बसलो. निळी अक्षरं झकास दिसत होती.

आठवलं होतं का मला, स्टाफरूममधलं? आठवलं होतं. तिसरा अडथळा फिरवताना आठवलं. मनात आलं, शेवटच्या अडथळ्याला कोण धडकतंय, शर्यत झाली की परत फिरवू. खरं तर शेवटच्या अडथळ्यालाच माणूस दमलेला असतो, हे वस्तादांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं.

वस्ताद कोट घालून आले. शाल, श्रीफळ झालं. मुलींची शर्यत सुटली. वैशाली चौथ्यालाच पुढे गेली आणि पुढेच राहिली. दहाव्याला तिच्या पुढच्या पायाची टाच फळीला लागली. असं नेहमी होतं. फळी पडते, मुलगी पळत राहते. त्या दिवशी फळी पडली नाही.

वस्ताद मांडवाच्या दोरीवरून डावा पाय आधी टाकून गेले. नारळ हातातच होता. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि तिला जीपमध्ये ठेवेपर्यंत तिच्या पायाकडे पाहू दिलं नाही. जीप गेल्यावर ते वळले. अडथळ्याच्या तळाच्या पट्ट्या पाहिल्या. मग मांडवातून समोर दिसणारी अक्षरं पाहिली, आणि मग मांडव. मी हातात गुच्छ घेऊन उभा होतो. त्यांनी चारही अडथळे एकेक करून सरळ केले, प्रत्येकाला दोन बोटं लावून पाडून पाहिलं, पुन्हा उभं केलं. मग कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि रिक्षा पकडून इस्पितळात गेले.

चौकशी समितीत प्राचार्य होते, संस्थेचे एक विश्वस्त होते आणि इतिवृत्त लिहायला मी होतो.

विश्वस्तांनी विचारलं, "वस्ताद, शेवटची रांग उलटी कशी लागली?"

"सकाळी चाळीसच्या चाळीस मी पाडून बघितले. बरोबर व्हते. मग मी मैदान सोडून सत्काराला गेलो. ही माझी चूक."

"म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी हात लावला. कुणी?"

मी मान वर केली नाही. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"ते मी बघितलं न्हाई," वस्ताद म्हणाले. "न बघितल्याली गोष्ट मी सांगत नसतो."

मी लिहिलं: प्रशिक्षकांनी शर्यतीपूर्वी मैदान सोडून गेल्याचे व चूक झाल्याचे मान्य केले. अडथळ्यांच्या तपासणीत हयगय झाली. चाळीसच्या चाळीस पाडून पाहिल्याचं वाक्य मी लिहिलं नाही. वस्तादांना सहीला कागद दिला. त्यांना वाचायला वेळ लागायचा, ओळीखाली बोट ठेवून वाचत. बोट हयगय या शब्दापाशी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मुलांचं पळणं पाहताना ते जसे पाहत, हा कुठवर जाईल ते अजमावत, तसं पाहिलं. मग सही केली.

पुढच्या सत्रापासून त्यांना येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. त्या पत्राचा मसुदाही माझाच. मी उपप्राचार्य झालो.

वैशालीच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. ती चालायला लागली, पळायला नाही. तिचे वडील पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या गणवेशातच, समितीच्या कागदाची प्रत मागायला आले. मी दिली. आठवड्याने ती स्वतः कुबडी घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिने माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे वस्तादांना द्या, सर. मी नाही भेटणार त्यांना."

मी म्हटलं, "अगं, एकदा बोल तरी त्यांच्याशी."

"काय बोलू? एक दिवस नाही तपासले त्यांनी. ज्या दिवशी सत्कार, नेमक्या त्याच दिवशी. त्यांनीच सही केलीये ना?"

मी हो म्हटलं. सही त्यांनीच केली होती.

ते पुडकं मी वस्तादांना नेऊन दिलं. त्यांनी कागद उलगडून फळ्या पाहिल्या, एकमेकींवर एकदा हलकेच वाजवल्या. "लाकूड चांगलं ठिवलंय पोरीनं," एवढंच म्हणाले.

कॉलेजने नंतर ते चाळीस अडथळे मोडीत काढले तेव्हा वस्तादांनी टेम्पो आणून चऱ्होलीला नेले. त्यांच्या भावकीची बरीचशी जमीन इमारतींखाली गेली होती. दोन टॉवरच्या मधे एक तुकडा उरला होता, तिथे ते सोसायटीतल्या आणि गावातल्या मुलींना शिकवू लागले. पोहायच्या तलावाची आणि पार्किंगची जाहिरात असलेल्या पत्र्याच्या कुंपणाआत ते अडथळे ओळीने उभे असत. कॉलेजचं नाव त्यांनी खरवडून काढलं नव्हतं, पुसटही होऊ दिलं नव्हतं. ते तसंच होतं, धावणाऱ्यांच्या बाजूला.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे वाकडला राहायला आलो. तिथून चऱ्होलीला तीनदा गेलो. पहिल्यांदा ते घरी नव्हते, आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा भेटले, पण मैदान मुलींनी भरलेलं होतं, आम्ही चहा घेतला आणि गुडघ्यांच्या औषधांवर बोललो. तिसऱ्यांदा गेलो ते वस्ताद वारण्याच्या दोन महिने आधी. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. कॅबमध्ये बसल्यापासून एकच वाक्य मनाशी म्हणत होतो. ड्रायव्हरने आरशातून पाहून विचारलंदेखील, "काका, फोनवर बोलताय का?"

वस्ताद खुर्चीवर बसले होते. खूप बारीक झाले होते. मुली अजून यायच्या होत्या. अडथळे कुंपणाला टेकवून ठेवलेले.

"बरं झालं आलात, सर. वैशालीला पोरगी झाली म्हणं? तीन वर्सांची हाय?"

"हो. चाकणलाच असते. एका कंपनीत क्वालिटीला आहे."

"उडत उडत कळलं. मला कुनी येऊन सांगितलं न्हाई. येईल ती कवातरी. रागात हाय तवर येणार न्हाई. राग खरा हाय तिचा."

हीच ती वेळ होती. मी म्हटलं, "वस्ताद…"

"सर, येवढा एक अडथळा लावता का? माझ्यानं वाकवत न्हाई. त्या पांढऱ्या खुणेवर."

मी उठलो. एक अडथळा उचलला. वाटलं होतं त्यापेक्षा हलका होता. खुणेवर नेऊन ठेवला. तळाच्या पट्ट्या कुठल्या बाजूला करायच्या ते पाहायला थांबलो. पट्ट्या धावणाऱ्याच्या बाजूला केल्या, फळी खुणेला सरळ केली. वस्ताद खुर्चीवरून सावकाश उठले, डावा पाय आधी टाकत माझ्यापर्यंत आले आणि फळीला दोन बोटं लावली. अडथळा पडला.

"बरोबर लावलाय," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवला असावा. "आज तुमी पयल्या अडथळ्यापतुर तरी आलात, सर."

त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि ते वाट पाहत उभे होते. मी पडलेला अडथळा उचलून उभा केला. तेवढ्यात गेटमधून मुली आल्या. वस्तादांनी फळ्या हातात घेतल्या, त्याच, वैशालीने परत पाठवलेल्या. मी म्हटलं, "येतो वस्ताद, पुन्हा निवांत येईन."

"या," ते म्हणाले.

हे लिहून झालं की पहिली प्रत चाकणला वैशालीकडे जाईल. मी स्वतः नेऊन देणार आहे. कागदावर सही वस्तादांची होती आणि काम माझं होतं, हे तिने माझ्यासमोर वाचावं. मग ती जे म्हणेल ते मी ऐकून घेईन. पण कॅबमध्ये वाकडपासून घोकत नेलेलं ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं. फार लांबही नव्हतं. वस्ताद, मुद्दाम नाही, पण ठाऊक असून, ती रांग मी फिरवली होती. मला माफ करा.